भिंतींची साक्ष

न्यायशास्त्रांत अनुमानाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकीं ‘शेषवत्’ या नांवाचा एक आहे. नदी गढूळ होऊन दुथडी भरून वाहतांना दिसली म्हणजे वरच्या अंगास पाऊस झाला असला पाहिजे असें आपण ठरवितों. पाऊस आपण पाहिलेला नसतो. पाहिलेला असतो तो केवळ पूर. कार्यावरून कारणाकडे जाण्याची ही रीत पंडितांच्या वादसभेपुरतीच आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु त्याच रीतीनें एका इंग्रज गृहस्थानें आपल्या देशाच्या वास्तुकलेचा एक हरवलेला अध्याय कसा शोधून काढिला, तें या महिन्यांत वाचकांस सांगावयाचें आहे.

इंग्लंडच्या पूर्व भागीं, लिंकनशायर परगण्याच्या उत्तर टोकास, हंबर नदीच्या विस्तीर्ण मुखाच्या दक्षिण तीरावर बार्टन नांवाचें गांव आहे. तेथील सेंट पीटरचें चर्च हें पॅरिश चर्च, म्हणजे एका धर्मगुरूकडे सोंपविलेल्या वस्तीचें सामायिक देवस्थान. बारसें, लग्न आणि मूठमाती हीं तिन्ही कार्यें गांवकऱ्यांनीं तेथेंच करावयाचीं. राजेलोकांच्या औदार्यानें उभारलेल्या भव्य कॅथीड्रलांचें वैभव त्यास नाहीं. परंतु त्याच्या मनोऱ्याची योग्यता मोठी आहे.

हा मनोरा तीन टप्प्यांचा आहे. खालच्या दोन टप्प्यांच्या भिंतींवर दगडाच्या अरुंद पट्ट्या उंचावून बसविल्या आहेत. खालच्या रांगेंत त्यांच्या अर्धवर्तुळाकार कमानी झाल्या आहेत, तर वरच्या रांगेंत त्रिकोणी. लांकडी सांगाड्याच्या घराचें चित्रच कोणीं दगडांत काढिलें आहे असा भास होतो. सर्वांत वरचा टप्पा मात्र अगदींच निराळा. त्यावर या पट्ट्या नाहींत.

नॉर्मन लोकांनीं १०६६ सालीं इंग्लंड जिंकलें. त्यापूर्वीं तेथें सॅक्सनांचीं राज्यें होतीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सॅक्सनांची म्हणून कोणती इमारत उभी आहे, हें निश्चयानें सांगतां येत नसे. अर्धवर्तुळ कमान दिसली कीं कोणी तीस सॅक्सन म्हणे, कोणी नॉर्मन. आणि वाद तेथेंच राही.

अशा वेळीं टॉमस रिकमन (१७७६–१८४१) पुढें आला. हा मूळचा वास्तुविशारद नव्हे. प्रथम वैद्यकी, मग लिव्हरपूल येथें हिशेबनिसी, असा त्याचा व्यवसाय. फावल्या वेळीं गांवोगांवचीं जुनीं चर्चें पायीं फिरून पाहावीं, त्यांचीं टिपणें करावीं, हा त्याचा छंद. त्या टिपणांतून १८१७ सालीं त्याचा ग्रंथ निघाला. त्यांत त्यानें मध्ययुगीन इमारतींच्या शैलींस जीं नांवें दिलीं, तीं आजही अभ्यासक वापरितात. पुढें १८१९ सालीं त्यानें बार्टनच्या मनोऱ्याचें उदाहरण घेऊन आपलें अनुमान मांडिलें. तें इतकें सोपें आहे कीं लहान मुलासही कळावें. सर्वांत वरचा टप्पा आरंभींच्या नॉर्मन धर्तीचा आहे. तो ज्यांवर उभा आहे, ते खालचे टप्पे वेगळ्या धर्तीचे आहेत. माडी आधीं आणि तळमजला मागाहून असें कधीं होत नाहीं. तेव्हां खालचे टप्पे नॉर्मनांच्या पूर्वीचे, म्हणजे सॅक्सनांचे, असलेच पाहिजेत. एका ठिकाणीं खूण पटल्यावर ती अन्यत्र शोधणें सुलभ झालें. नॉर्थॅम्प्टनशायरमधील अर्ल्स बार्टनच्या मनोऱ्यावरही अशाच पट्ट्या आहेत, आणि तोही सॅक्सन ठरला.

पुढें भूमीनेंही साक्ष दिली. जवळच सेंट मेरीचें दुसरें चर्च असल्यामुळें गांवास दोहोंची गरज राहिली नाहीं, आणि १९७२ पासून सेंट पीटरमधील नित्य उपासना थांबली. त्यामुळें १९७८ ते १९८४ या काळांत वॉरविक रॉडवेल या पुरातत्त्वज्ञास तेथें सविस्तर उत्खनन करितां आलें. आज आपण ज्यास मनोरा म्हणतों, तोच मूळच्या चर्चचा मुख्य भाग होता. त्याचा तळमजला हा भाविकांचा मंडप. पश्चिमेची लहान खोली बाप्तिस्म्याची. पूर्वेस गाभाऱ्यासारखें वेदीचें स्थान. पश्चिमेची खोली आजही उभी आहे. पूर्वेची पाडून तिच्या जागीं पुढील पिढ्यांनीं मोठा मंडप बांधिला, परंतु तिचा पाया फरशीखालीं राहिलाच होता.

त्या भूमींत आणखीही कांहीं होतें. दहाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या सुमारें २,७५० गांवकऱ्यांच्या अस्थि तेथें मिळाल्या. कित्येकांच्या लांकडी पेट्याही ओलाव्यामुळें टिकून राहिल्या होत्या. यांतील बहुतेकांचें नांव कोणत्याही बखरींत नाहीं. परंतु वय, उंची, स्त्री कीं पुरुष, सांध्यांत कोणती व्यथा होती, हें हाडें सांगतात. ज्यूलिएट रॉजर्स व टोनी वॉल्ड्रन या अभ्यासकांनीं त्यांवरून जुन्या काळच्या संधिविकारांचें पुष्कळ ज्ञान मिळविलें.

येथें विचारी मनुष्यास प्रश्न पडतो. पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत स्वस्थ निजावें, या श्रद्धेनें ज्यांस त्या पवित्र भूमींत पुरलें, त्यांस उठविण्याचा आम्हांस काय अधिकार? उलट पक्षीं, ज्यांची इतिहासानें कधीं विचारपूस केली नाहीं, त्या शेतकरी, नावाडी, बाया आणि पोरें यांची हकीगत कळण्याचें दुसरें साधन तरी कोणतें? पुन्हां पुरल्या तर अस्थि झिजून जातील. संग्रहालयाच्या कोठारांत ठेविल्या तर त्यांचें घर सुटेल. बार्टन येथें मधला मार्ग काढण्यांत आला. चर्च २००७ सालीं लोकांसाठीं पुन्हां उघडलें, आणि अस्थि त्याच चर्चमध्यें, पूर्वीं ज्या दालनांत ऑर्गन वाद्य होतें तेथें, व्यवस्थित ठेवण्यांत आल्या. अभ्यासकांस त्या पाहतां येतात, आणि मृतांचा मुक्कामही आपल्या चर्चच्या छपराखालींच राहिला.

आमच्या मतें हा निर्णय न्यायाचा झाला. मात्र त्याबरोबर एक जबाबदारी येते. उत्खनन ही एकदांच वाचतां येणारी पोथी आहे. वाचतां वाचतां तिचीं पानें नाहींशीं होतात. म्हणून खणणाऱ्यानें प्रत्येक थर जसा दिसला तसा लिहून ठेविला नाहीं, तर अज्ञानानें भिंत पाडणाऱ्यांत आणि त्याच्यांत अंतर तें काय राहिलें? मृतांस हलविल्याचें ऋण प्रामाणिक टिपणांनींच फिटतें.

असो. ज्ञानास पुष्कळदां मोठीं साधनें लागत नाहींत; हिशेबनिसाची चिकाटी आणि नीट पाहण्याची संवय पुरते. घरांतील मुलांनीं एखाद्या जुन्या इमारतीचें चित्र पुढें घेतलें, तर ‘ही कोणीं बांधली?’ असें त्यांस एकदम विचारूं नये. ‘कोणता भाग कोणत्या भागावर टेकला आहे?’ असें आधीं विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यांतूनच निघूं लागेल.