लाइव्ह, पण कोणाच्या परवानगीने?

प्रति,
भारतात ऑनलाइन गेम चालवणाऱ्या कंपन्या, यूट्यूब आणि केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय



बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या गेमच्या एका मॅचमध्ये शंभरापर्यंत खेळाडू उतरतात. त्यातला एखादा यूट्यूबवर लाइव्ह असतो आणि बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यांची नावं स्क्रीनवर झळकतात, त्यांच्या चुकांवर चॅटमध्ये हशा पिकतो. जे तिघं योगायोगाने त्याच्या स्क्वाडमध्ये, म्हणजे चौघांच्या टीममध्ये, आले, त्यांचा आवाजही बाहेर जातो. अर्ध्या तासात मॅच संपते, खेळाडू ती विसरून जेवायला बसतो. व्हिडिओ मात्र चॅनेलवर राहतो आणि त्याचे तुकडे शॉर्ट्समध्ये फिरत राहतात.

गेम कंपन्यांनो, तुमच्यापैकी अनेकांनी 'स्ट्रीमर मोड' बनवला आहे. स्ट्रीमरचं नाव लपावं, कुणी त्याचा लाइव्ह पाहून त्याला गाठू नये, यासाठी तो आहे आणि ते योग्यच आहे. पण ज्याने स्वतःहून कॅमेरा लावला, त्याच्या बचावाचा विचार आधी झाला. ज्याला न विचारता कॅमेऱ्यासमोर आणलं, त्याचा नंतरही फारसा झाला नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मला फार मोठी वाटते.

नावापेक्षा आवाजाचा प्रश्न गंभीर आहे. माइक उघडतो तो 'समोर एनिमी आहे', 'मला रिव्हाइव्ह कर' एवढं सांगायला. पण फोन घरात असतो, त्यामुळे घरही ऐकू येतं. आई लाडक्या नावाने हाक मारते, बाबा क्लासची वेळ झाल्याचं ओरडून सांगतात. लॉबीत, म्हणजे मॅच सुरू व्हायची वाट पाहताना, हमखास विचारलं जातं, "भाई, कहाँ से?" मुलगा सरळ गावाचं नाव सांगतो. "कितवीत?" तेही सांगतो. तीन सोबत्यांना दिलेली ही उत्तरं आहेत. त्याच क्षणी ती हजारोंना मिळतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मुलींच्या वाट्याला याहून वाईट येतं. यूट्यूबवर 'रँडम गर्ल' आणि कुठल्याही लोकप्रिय गेमचं नाव टाकून शोधा. अनोळखी मुलीचा आवाज स्क्वाडमध्ये ऐकू आला की तोच व्हिडिओचा विषय होतो. तिला बोलतं करायचं, चिडवायचं, चॅटमधल्या सूचना तिच्यावर चालवून पाहायच्या आणि हे सगळं थंबनेलवर मिरवायचं. ती खेळायला आलेली असते. तिच्या संकोचावर दुसऱ्याच्या चॅनेलचे व्ह्यूज वाढतात. माइक कायमचा बंद करून खेळणाऱ्या मुली मला माहीत आहेत. ज्या खेळात सोबत्यांशी बोलल्याशिवाय जिंकणं अवघड, तिथे त्यांनी गप्प राहून हरणं पत्करलं आहे. याला मी त्यांची निवड म्हणणार नाही.

स्ट्रीमरना मी शत्रू मानत नाही. छोट्या गावांतली पोरं साध्या फोनवर चॅनेल उभं करतात, त्यातून घर चालवतात. मला त्यांचं कौतुक आहे. स्पर्धांच्या प्रक्षेपणालाही हरकत नाही, कारण तिथे खेळाडू नाव नोंदवून, माहीत असूनच उतरतो. पण प्रत्येक मॅचआधी तीन अनोळखी माणसांची संमती घेत बसणं विशीतल्या मुलावर सोपवून चालणार नाही. ही सोय गेममध्येच हवी.

हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, असं कृपया म्हणू नका. स्क्रीन रेकॉर्ड होत आहे का, हे आयफोनवर ॲपला फार पूर्वीपासून कळतं आणि अँड्रॉइड १५ पासून तिथेही कळतं. आपला आवाज दुसऱ्या ॲपला पकडू द्यायचा की नाही, हे ठरवण्याची सोय अँड्रॉइड १० पासून ॲपकडेच आहे. कॅप्चर कार्ड लावून संगणकावरून स्ट्रीम करणारा यातून सुटेल, हे मान्य. पण मोठ्या स्ट्रीमरना तर तुम्ही नावानिशी ओळखता, स्पर्धांना बोलावता; त्यांच्यावर ही अट थेट घालता येईल. व्हॅलोरंटमध्ये अनोळखी खेळाडूंपासून आपलं नाव लपवता येतं, फोर्टनाइटमध्येही तशी सोय आहे. म्हणजे वाट सापडलेली आहे. फक्त ती सेटिंगच्या तळाशी न ठेवता आपोआप चालू असायला हवी.

यूट्यूबला वेगळं विचारायचं आहे. गूगलच्या फोन ॲपवरून कॉल रेकॉर्ड करायला घेतला, की कॉल रेकॉर्ड होत असल्याचं दोन्ही बाजूंना मोठ्याने ऐकवलं जातं. त्याच गूगलच्या यूट्यूबवर तिघांचं बोलणं थेट जगभर जातं तेव्हा त्यांना कुणी काही सांगत नाही. तुमच्याकडे गोपनीयतेची तक्रार करता येते, पण आपण त्या व्हिडिओत आहोत हे आधी कळावं लागतं. तक्रार गेली की अपलोड करणाऱ्याला ४८ तासांची मुदत मिळते. लाइव्हच्या हिशेबात ४८ तास म्हणजे सगळं होऊन गेलेलं असतं.

मंत्रालयाला कायद्याची आठवण करून द्यावी लागते, याचं वाईट वाटतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून 'वैयक्तिक किंवा घरगुती' कामासाठीचा वापर वगळला आहे आणि माणसाने स्वतः जाहीर केलेली माहितीही वगळली आहे. सुपरचॅटवर, म्हणजे प्रेक्षकांनी लाइव्ह चॅटमध्ये पाठवलेल्या पैशांवर, कमाई होणारं प्रक्षेपण घरगुती कसं? स्क्वाडमधल्या तिघांशी बोलणं म्हणजे स्वतःची माहिती जाहीर करणं कसं? या दोन प्रश्नांची उत्तरं लेखी हवीत. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला या कायद्याच्या नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली आहे, तिचा उपयोग यासाठी करा.

आणि मुलांचं काय? या कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती सक्तीची केली आहे. बीजीएमआयमध्ये अल्पवयीन खेळाडूसाठी पालकांच्या नंबरवर ओटीपी जातो, रोज तीन तासांची मर्यादा लागते. म्हणजे कोण लहान आहे, हे कंपनीला ठाऊक असतं. पालकांनी त्या ओटीपीने खेळायला होकार दिला. अनोळखी माणसाच्या चॅनेलवर मुलाचा आवाज वाजवायला त्यांनी कधी होकार दिला?

म्हणून मागणं असं. स्क्वाडमध्ये कुणी लाइव्ह असेल तर माइक उघडण्याआधी तशी खूण दिसू द्या आणि दंड न लावता लॉबी सोडू द्या. प्रक्षेपणात अनोळखी खेळाडूंची नावं आपोआप झाका. १८ वर्षांखालच्या खेळाडूचा आवाज स्ट्रीममध्ये जाऊच देऊ नका. हे शेवटचं काम बाकीच्या कामांसाठी थांबवू नका, ते पुढच्याच अपडेटमध्ये करा.

आपला,
एक नियमित खेळाडू