स्लॅब टाकला म्हणजे घर पक्के झाले का?

खताची मात्रा चुकली तर एक हंगाम जातो. घराची मात्रा चुकली तर काय जाते, हे लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगायला नको. मी कृषी खात्याचा माणूस, बांधकाम हा काही माझा विषय नव्हे. पण शिवारात जायचे तर गावातूनच जावे लागते, आणि गावोगाव उठणारी नवी घरे पाहून राहवत नाही, म्हणून लिहितो.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेक मेली ती भिंतीखाली आणि माळवदाखाली. भिंत दोन-अडीच फूट जाड, पण दगडाचा एक थर बाहेरून, एक आतून, मधे चिपा-मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर दीड-दोन फूट माती. हादरा बसला तसे थर फुटून वेगळे झाले. लाकडी खणाच्या घरात पुष्कळ ठिकाणी खांब-तुळया उभ्याच राहिल्या, भिंती तेवढ्या ढासळल्या.

अशा दगडी घरांसाठी भारतीय मानक ब्युरोचे नियम त्याच साली निघाले, आयएस 13828 या क्रमांकाने. त्यात अवघड असे काही नाही. भिंतीत दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर आरपार दगड घाला. दारे-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घ्या. दार-खिडकी कोपऱ्याला चिकटवू नका. भूकंपाच्या आधी सरकारी नकाशात किल्लारीचा भाग सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. 2002 साली तो तिसऱ्या क्षेत्रात गेला.

आता दगडाची घरे कमी झाली. वीट आली, स्लॅब आला. त्याबरोबर एक गैरसमजही आला की स्लॅब टाकला म्हणजे घर पक्के. अहो, भिंतींना फिरता पट्टा नसेल तर ते ओझेच, पूर्वी मातीचे होते, आता काँक्रीटचे.

2021 साली सरकारने गावातल्या माणसाची एक कटकट कमी केली. 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायचे तर नगररचना कार्यालयाची पायरी चढायला नको. मालकीची कागदपत्रे, नकाशे, शुल्क भरल्याची पावती आणि बांधकाम नियमाप्रमाणे असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीला दिले की झाले. निर्णय चांगलाच आहे. पण त्यामुळे सारा भार त्या एका प्रमाणपत्रावर आला, हे कुणी ध्यानात घेतले नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका गावात एक घर पाहिले. मालक म्हणाला, "साहेब, इंजिनियरची सही तालुक्यालाच मिळाली, येण्याची गरजच पडली नाही." स्लॅब मे महिन्यात टाकलेला. टँकरचे पाणी परवडेना म्हणून चार दिवसांत पाणी मारणे बंद. हा माणूस द्राक्षबागेचे पाणी एक पाळी चुकू देत नाही! काँक्रीटलाही पाणी लागते. मानकाप्रमाणे किमान सात दिवस, आणि हवा कोरडी-उष्ण असेल किंवा राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा. आपला उन्हाळा कसा असतो ते मी काय सांगू? शिवाय आपल्याकडे मिळणारे पुष्कळसे सिमेंट राखमिश्रितच.

प्रमाणाचेही तेच. सळईच्या काँक्रीटला किमान एम-20 दर्जा सांगितला आहे, म्हणजे ढोबळ मानाने एक घमेले सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. पाटीला सोपे जावे म्हणून गवंडी एक-दोन-चार करतो आणि माल सरकावा म्हणून पाणी ओततो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला कुणी शिकवलेच नाही. औषधाच्या बाटलीवरची मुदत आपण वाचायला शिकलो. सिमेंटच्या पोत्यावरही कितव्या आठवड्यात बनले ते छापलेले असते. तीन महिन्यांपुढचे पोते स्लॅबला वापरू नका, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना एक विनंती. घरकुलाच्या हप्त्यासाठी टप्प्याटप्प्याला फोटो निघतात, पण काँक्रीट ओतल्यावर सळई फोटोत दिसत नाही. प्रमाणपत्र घेताना अभियंत्याला विचारा, जागेवर कोणत्या तारखांना येणार? त्या तारखा नोंदवून ठेवा. पाया, फिरता पट्टा आणि स्लॅब, अशा तीन खेपा पुरे. ग्रामसभेत तसा ठराव करायला कुणाची हरकत नसावी. सहीचे पैसे घरमालक देतोच, मग तीन वेळा येण्याचेही त्यातच ठरवून घ्यावे.

स्लॅबच्या दिवशी नारळ फोडायला तुम्हाला बोलावणे येतेच. त्या दिवशी अभियंता आला आहे का, एवढे काँक्रीट ओतण्याआधी विचारा. नसेल तर मिक्सर तासभर थांबू द्या आणि त्याला फोन लावा.