कुलूप माझ्या शेतात, किल्ली दुसऱ्याच्या खिशात



आज फवारणी नाही, बाजारभाव नाही. आज कुलपाविषयी लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण गोष्ट शेवटी आपल्या पाण्याचीच आहे.

गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि ठिबकचा ऑटोमेशन कंट्रोलर बसला. जळाला नव्हता. स्क्रीन चालू व्हायची, पण सगळं शेड्यूल पुसलं गेलेलं. नवीन टाकायला गेलं की म्हणायचा, "सर्व्हिस कोड टाका." हा कोड मला कधी कुणी दिलाच नव्हता. ज्याने डबा बसवला त्या डीलरने एजन्सी सोडलेली. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, "कोड ग्राहकाला देत नाही. आमचा माणूस येईल, आठेक दिवस लागतील."

आंबे बहाराची डाळिंबं होती. मे महिन्यात पाण्याची ओढाताण झाली की पुढे फळ तडकतं, हे डाळिंबवाल्याला सांगायला नको. लाइट येईल तेव्हा, म्हणजे बहुतेक रात्रीच, मी आणि घरची मंडळी उठून आठ व्हॉल्व्ह हाताने उघडझाक करत होतो. आणि पैसे मोजून घेतलेला डबा भिंतीवर लुकलुकत होता.

पाचव्या दिवशी पुतण्या आला. पुण्यात प्रोग्रामिंगचं काम करतो. म्हटलं, "बाबा, तोड हा कोड." त्याने डबा उघडून पाहिला आणि म्हणाला, "काका, कोड तोडायची गरजच नाही. तुमचे व्हॉल्व्ह साधे २४ व्होल्टचे आहेत. ते कुणाच्या मालकीचं गुपित नाही. त्यांना चालू-बंद करणारा दुसरा डबा लावू." बाजारातून रिले बोर्ड, छोटा कंट्रोलर आणि ट्रान्सफॉर्मर आणला. दोन दिवसांत पाणी सुरू. जाताना त्याने प्रोग्राम आणि वायरिंगचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. "मी नसलो तरी कुणीही दुरुस्त करू शकेल."

नवव्या दिवशी कंपनीचा पोरगा आला. चार आकडे दाबले, डबा उघडला, व्हिजिट चार्ज घेतला. म्हटलं, ते आकडे लिहून दे. म्हणाला, "दादा, नोकरी जाईल माझी. सही घेतलीय आमच्याकडून." चार वर्षांच्या पाण्या-खताच्या नोंदी मागितल्या, तर म्हणाला, "त्या कंपनीकडे असतात, देता येत नाहीत." पोरगा वाईट नव्हता. त्याने शब्द दिला होता, एवढंच.

पुतण्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "काका, आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं भांडण अशाच एका सहीवरून सुरू झालं." मग त्याने प्रिंटरची गोष्ट सांगितली. ती इतकी आवडली की पुढे मी स्वतः बरंच वाचलं. ते तुमच्यापुढे ठेवतो.

१९८० च्या आसपास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये एक सोय केली होती. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जायचा. नव्यातही तेच करायचं, तर कंपनीने प्रोग्रामचा मूळ लिखित भाग, ज्याला सोर्स कोड म्हणतात, दिलाच नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता. स्टॉलमन त्याच्याकडे गेला. तो म्हणाला, देणार नाही, मी न देण्याचा करार केलाय.

स्टॉलमनला राग आला तो या करारांचा. त्याचं म्हणणं असं, की असा करार करणारा माणूस उरलेल्या सगळ्यांना मदत नाकारण्याचं आधीच कबूल करून बसतो. १९८३ मध्ये त्याने जीएनयू नावाचा प्रकल्प जाहीर केला. सगळा प्रोग्राम उघडा, कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा.

आता यातली खरी मेख. आपल्याला वाटतं, हे लोक कायदा न मानणारे. पण स्टॉलमनने कायदा मोडला नाही, उलटा फिरवला. कॉपीराइट म्हणजे लिहिणाऱ्याचा हक्क. तो हक्क स्वतःकडे ठेवून त्याने अट घातली की माझा प्रोग्राम घ्या, बदला, विका, पण पुढच्याला देताना त्यालाही सोर्स कोड आणि हेच स्वातंत्र्य द्यायचं. १९८९ मध्ये ही अट जीपीएल या परवान्याच्या रूपात आली. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन ज्या लिनक्सच्या गाभ्यावर चालतो, तो याच परवान्याखाली आहे.

दुसरी गोष्ट याहून मजेशीर. १९९१ मध्ये फिल झिमरमन याने पीजीपी नावाचा प्रोग्राम लिहिला. निरोप असा कुलूपबंद करायचा की ज्याला पाठवला त्यालाच वाचता यावा. तेव्हा अमेरिकेत असे प्रोग्राम निर्यातीच्या कायद्यात युद्धसामग्रीत मोजले जात. प्रोग्राम परदेशात पोचला म्हणून झिमरमनची चौकशी लागली. पण पुस्तक परदेशी पाठवायला बंदी नव्हती. म्हणून १९९५ मध्ये पीजीपीचा सगळा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला गेला. पुढच्या आवृत्तीची छापील पानं तर युरोपात नेऊन, स्कॅन करून, त्यातून पुन्हा प्रोग्राम उभा केला. १९९६ च्या जानेवारीत चौकशी खटला न भरता बंद झाली.

कुणी म्हणेल, एका हाताने सगळं उघडं करा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने कुलूप बनवायचं, हे कसं? मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर मिळालं १८८३ सालच्या एका नियमात. ऑगस्ट केर्कहोफ्स नावाच्या भाषांच्या प्राध्यापकाने सैन्याच्या गुप्त लिपीबद्दल लिहिलं होतं. त्याचा मथितार्थ असा, की कुलूप कसं बनलंय हे शत्रूला कळलं तरी बिघडता कामा नये. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली.

जाणत्या प्रोग्रामरांचा कायद्याकडे, गुपिताकडे बघायचा दृष्टिकोन मला या एका वाक्यात सापडला. कुलूप उघडं, किल्ली मालकाची. त्यांचा राग कुलपावर नाही. किल्ली भलत्याच माणसाच्या खिशात आहे, यावर आहे. माझ्या डब्यात नेमकं उलटं होतं. कुलूप गुप्त, किल्ली कंपनीकडे, आणि मालक म्हणून बिलावर नाव माझं.

प्रोग्रामर सगळे एका माळेचे मणी आहेत असंही नाही. माझ्या डब्याचं कुलूप लिहिणाराही प्रोग्रामरच. १९७६ मध्ये बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना जाहीर पत्र लिहून सुनावलं होतं, की तुम्ही आमचा प्रोग्राम पैसे न देता कॉपी करता, मग चांगला प्रोग्राम लिहायचा कुणी आणि कशासाठी? हा प्रश्न खोटा नाही. आपणही रोपवाटिकेत मेहनत करून कलमं करतो आणि कुणी फुकट उचलली तर चिडतो. मेहनतीचा मोबदला मिळालाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की मोबदला घेऊन झाल्यावर वस्तू विकली की भाड्याने दिली, ते स्पष्ट सांगा.

हे भांडण अमेरिकेत ट्रॅक्टरपर्यंत आलंय. तिथे १९९८ चा एक कायदा आहे, डीएमसीए. डिजिटल कुलूप फोडणंच त्यात गुन्हा ठरलं. सिनेमाची चोरी थांबावी म्हणून आणलेला कायदा, पण ट्रॅक्टरमध्ये कॉम्प्युटर बसला तसा ट्रॅक्टरलाही लागू झाला. जॉन डिअरने तिथल्या कॉपीराइट कार्यालयापुढे म्हटलं, की ट्रॅक्टर घेणाऱ्याला त्यातला प्रोग्राम वाहन चालवण्यापुरता वापरायचा परवाना असतो. म्हणजे लोखंड तुमचं, प्रोग्राम आमचा. २०१५ मध्ये दुरुस्तीसाठी सूट मिळाली, पण ती दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. २०२२ मध्ये लास वेगासला हॅकरांच्या मेळाव्यात 'सिक कोड्स' या टोपणनावाच्या संशोधकाने डिअरच्या स्क्रीनचं कुलूप उघडून त्यावर डूम हा व्हिडिओ गेम चालवून दाखवला. अंधारात नाही, भरसभेत. त्याच्या पुढच्या वर्षी कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्याला दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू आहे.

दुसरी बाजूही सांगतो. २०२२ मध्येच युक्रेनमधल्या मेलितोपोलहून रशियन सैन्याने शेतीची महागडी यंत्रं पळवली, आणि ती दुरूनच बंद करण्यात आली, अशा बातम्या आल्या. म्हणजे कुलूप चोरालाही अडवतं. तसंच इंजिनचा प्रोग्राम बदलून जास्त ताकद काढणारे आणि धूर वाढवणारे महाभागही आहेत. त्यांच्यासाठी रोख ठेवायला माझी हरकत नाही. पण जी किल्ली चोराचं यंत्र दुरून बंद करते, तीच उद्या हप्ता थकला म्हणून किंवा कंपनीच बुडाली म्हणून माझंही बंद करू शकते. म्हणून किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न सुटत नाही.

"हे सगळं तिकडचं," म्हणाल. आपल्याकडे ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ लागू झालं. इंजिनात ईसीयू आला. पान्ह्याने भागायचं ते काम लॅपटॉपवर गेलं. आपला गावातला मेकॅनिक एका वायरीपायी बाहेर फेकला जाणार असेल, तर हे भांडण बांधावर आलंच.

कायद्याच्या बाबतीत आपण तसे बरे आहोत. मी वकील नाही, वाचलं ते सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५-अ कलम आलं. त्यात कुलूप तोडणं गुन्हा आहे तो हक्क बुडवायच्या हेतूने तोडलं तर. ५२ व्या कलमात, रीतसर घेतलेल्या प्रोग्रामशी स्वतःचा प्रोग्राम जुळवायला लागणारी माहिती काढायची मुभा आहे, ती सहज मिळत नसेल तर. केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारंही घेतली. पण सक्तीचा कायदा अजून हातात नाही.

बियाण्याच्या बाबतीत आपण हीच लढाई आधी लढलोय. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमात शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क आहे, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर दावे लावले, तेव्हा याच कलमावर बोट ठेवून लोक उभे राहिले आणि कंपनीने ते दावे मागे घेतले. अमेरिकेत काही पैदासकारांनी स्टॉलमनच्याच धर्तीवर 'ओपन सोर्स सीड इनिशिएटिव्ह' काढलं. वाण घ्या, वाढवा, पण पुढच्याला अडवू नका. बियाण्याला जो न्याय आपण मागितला, तो यंत्राला मागायला का लाजायचं?

म्हणून नवीन काही घेताना मी आता एवढं विचारतो:

१. सर्व्हिस कोड किंवा पासवर्ड मला मिळणार का? बिलावर लिहून द्या.
२. वायरिंगचा नकाशा आणि मॅन्युअल मिळणार का?
३. व्हॉल्व्ह, सेन्सर बाजारात मिळणारे साधे चालतील, की तुमचेच लागतील?
४. माझ्या शेताच्या नोंदी मला एक्सेलमध्ये काढता येतील का?
५. इंटरनेट गेलं, वर्गणी संपली किंवा तुमची कंपनी बंद पडली, तर डबा चालेल का?

कृषी सल्लागार मित्रांनो, तुमच्या शब्दावर शेतकरी लाखभर रुपये टाकतो. शिफारस करताना लिटर-तासाबरोबर हे पाच प्रश्नही विचारा. डीलर शेतकऱ्याला उडवून लावेल, तुम्हाला उत्तर द्यावं लागेल.

चार वर्षांच्या नोंदी मला परत मिळाल्या नाहीत. कुठल्या व्हॉल्व्हला किती पाणी दिलं की तडकणं कमी झालं, हे मी पुन्हा पहिल्यापासून वहीत लिहितोय.

पुतण्याचा प्रोग्राम आणि वायरिंगचा कागद ज्याला हवा त्याला फुकट देतो, मेसेज करा. अट एकच. तुम्ही त्यात काही सुधारणा केली, तर ती स्वतःपाशी ठेवायची नाही, मागेल त्याला द्यायची. आणि एक काळजी घ्या, मेन लाइनची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या.