हातगुण

दसरा होऊन आठवडा उलटला. वाशीपासून पनवेलपर्यंत तलावांकाठचे निर्माल्य कलश भरून गेले, आणि त्यांत झेंडूच्या माळांखाली घटांची माती आहे, परड्या आहेत, वीतभर वाढलेले गव्हा-जवाचे कोंब आहेत. त्याच आठवड्यात ऑनलाइन दुकानांच्या दिवाळी सवलती सुरू झाल्या आणि भेटवस्तूंच्या यादीत ‘किचन गार्डन किट’ पुन्हा वर आलं. पाच चिमुकल्या कुंड्या, कोकोपीटच्या पाच चकत्या, आणि रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर, ओरेगानो, बेझिल अशी पाच पाकिटं. या सदराच्या वाचकांना तयार किटवरचा माझा राग नवा नाही. पण यंदा राग किमतीचा नाही. हे किट घेणारी माणसं तीन महिन्यांनी रिकाम्या कुंड्या माळ्यावर टाकतात आणि म्हणतात, “आमच्या हाताला गुणच नाही.” हे वाक्य मला खोटं वाटतं, आणि ते खोटं असल्याचा पुरावा त्या निर्माल्य कलशातच पडलेला आहे.

ज्या घरात वर्षभर एक कुंडी नसते तिथेही घटस्थापनेला पत्रावळीवर किंवा परडीत दोन बोटं काळी माती पसरली जाते, तीत सात किंवा नऊ धान्यं पेरली जातात, मधे कलश बसतो, रोज थोडं पाणी पडतं आणि नवव्या दिवशी मातीच दिसेनाशी होते. कुणाचं दाट, कुणाचं विरळ. पण काहीच उगवलं नाही असं घर क्वचित. पेरणाऱ्या बाईला वा बुवाला कुणी शेतकी शिकवलेली नसते. चुकण्यासारखं जे काही असतं ते या रिवाजानेच दूर ठेवलेलं असतं. धान्य खाण्यातलं, ताजं, म्हणून जिवंत. दाणे मोठे, त्यांच्या पोटात पहिल्या आठ-दहा दिवसांची शिदोरी. माती थोडी, पाणी हाताने शिंपडलेलं, आणि मुख्य म्हणजे नऊ दिवस रोज कुणाचं तरी लक्ष. दसऱ्याला टोपीत किंवा वेणीत खोवलेला तो कोंब जरा निरखून पाहा. तो पिवळट असतो, लांब, लवलवता, कारण देवघरात उजेड कमी. उजेडाच्या शोधात दाण्याने सगळी शिदोरी उंचीवर खर्च केलेली असते. तोच घट ओट्याशेजारच्या खिडकीत वाढता तर कोंब बुटका, जाडसर आणि हिरवागार निघाला असता. खिडकीतल्या बागेला लागणारं निम्मं ज्ञान या एका फरकात आहे.

उरलेलं निम्मं मटकीच्या फडक्यात आहे. मोड आणताना भिजवणं, निथळणं, बांधून उबेला ठेवणं हे ज्या हातांना झोपेतही जमतं, त्यांना बी उगवून दाखवायला आणखी काय यावं लागतं? मटकीत चार दाणे फुगतच नाहीत, दाताखाली खडा यावा तसे लागतात. आपण त्यांना गणंग म्हणतो आणि टाकून देतो. पण बहुतेक गणंग मेलेला नसतो. त्याचं टरफल इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरत नाही. गोकर्णाच्या बीचं तेच, म्हणून ते एका बाजूने खरवडून रात्रभर भिजवायचं. धण्याची अडचण वेगळी. धणा दिसतो एक, पण त्या गोल कवचात दोन बिया जोडीने बसलेल्या असतात. अख्खा पेरला तर पाणी उशिरा पोचतं आणि दोन कोंब एकाच जागी भांडत वर येतात. लाटणं हलकेच फिरवून धणे दुभंगायचे, रात्रभर भिजवायचे आणि अर्ध्या पेराइतकं खोल पेरायचे. कोंब दिसायला आठ-दहा दिवस लागतात, कधी जास्तही. कितीतरी कुंड्या सातव्या दिवशी उकरल्या जातात, आणि दोष येतो हाताला. वाण्याचे धणे उगवत नाहीत ही तक्रार काही वेळा खरी असते, माल जुना असतो. मग दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहावेत. सहा-सात रुजले तर बाकीचे बिनधास्त पेरावेत.

आता त्या किटकडे वळू. रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर ही भूमध्य समुद्राकाठची झाडं. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्याकडे नेमकं उलटं. नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि खाडीवरची दमट हवा उरलेल्या महिन्यांतही पुरती हटत नाही. रोझमेरीचं बी रुजायला तीन-चार आठवडे घेतं आणि निम्मं रुजलं तरी पुष्कळ. ती जिथली, तिथले लोकही सहसा फांदी लावूनच ती वाढवतात. ज्या बियांवर मुरलेला माळीही हात टेकतो, त्या पहिल्यांदा माती हातात घेणाऱ्याला भेट द्यायच्या, हे मला अन्यायाचं वाटतं. त्या पाच पाकिटांत आपल्या हवेला मनापासून मानवणारं एकच, बेझिल, आणि ते तर आपल्या घरात आधीपासून आहे. फालुद्यातला सब्जा म्हणजे बेझिलचंच बी. वाण वेगळा, वासही थोडा वेगळा, पण जात एकच. चिमूटभर सब्जा ओल्या मातीवर टाकला की प्रत्येक काळ्या दाण्याभोवती तासाभरात निळसर पांढरा गर धरतो. ती त्याची स्वतःची पाण्याची पिशवी. वर मातीचा थर देऊ नये, नुसतं दाबावं.

यावर पहिला आक्षेप उजेडाचा येतो, आणि तो वजनदार आहे. बेलापूरच्या सेक्टर 8 मधलं आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात आखलं, तेव्हा घरांच्या भिंती एकमेकींना न चिकटवता प्रत्येक घराला स्वतःची उघडी जागा दिली. नंतरच्या टॉवरांत स्वयंपाकघराची खिडकी अनेकदा डक्टमध्ये उघडते. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी प्रयोग परिवारातून महाराष्ट्रभर सांगितलं की पीक मोजायचं ते पानावर पडणाऱ्या उन्हाने. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्याच वाटेने, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. पण तिथे गच्ची होती, ऊन होतं. डक्टच्या खिडकीत झेंडू फुलणार नाही, तुळस खंगेल, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. तिथे लावावी समुद्र मेथी. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत दाट पेरून बोटभर असतानाच मुळांसकट उपटायची आणि चिमुकल्या जुड्या बांधून विकायची, अशी ही मेथी कुठल्याही किटच्या आधीपासून इथल्या बाजारात आहे. पहिली दोन पानं बियांमधल्या साठ्यावर जगतात, त्यामुळे उजळ सावलीतही दहा-बारा दिवसांत ती हाताशी येते. मिठाईच्या पसरट डब्याला भोकं पाडून त्यात वाळू नि कंपोस्ट घातलं की झालं. ज्यांची खिडकी दक्षिणेकडे आहे त्यांचे मात्र हे चार महिने सोन्याचे. आपण 19 अंश उत्तरेवर राहतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला असतो, आणि आता तो दक्षिणेला इतका कलतो की डिसेंबरात ऊन खिडकीतून ओट्यापर्यंत येतं.

दुसरा आक्षेप तुर्भ्याच्या बाजाराचा. नाशिक-पुण्याकडच्या भाजीच्या गाड्या रात्रीतून एपीएमसीत उतरतात, हिवाळ्यात कोथिंबिरीची जुडी स्वस्त, मग खिडकीत मूठभर कशाला? मूठभरच निघेल हे कबूल. हातभर लांबीच्या ट्रेमधून घराची कोथिंबीर भागत नाही. पण रोजच्या आमटीवर पडतात चार काड्या. बाकी जुडी फ्रीजमध्ये काळी पडते, आणि पावसाळ्यात जुडी महागते तेव्हाही काळीच पडते. चार काड्या हव्या तेव्हा चारच खुडता याव्यात, एवढीच खिडकीकडून अपेक्षा आहे. त्यासाठी एकदम सगळे धणे न पेरता दर पंधरा दिवसांनी एक डबा पेरावा. मार्चपासून थांबावं, कारण ऊन तापलं की कोथिंबीर पानं सोडून फुलावर येते.

खालच्या मजल्याच्या वाळत्या कपड्यांवर मातीचं पाणी ठिबकणं आणि ग्रिलबाहेर लोंबणारी कुंडी या तक्रारींना माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्या रास्त आहेत. डबा ग्रिलच्या आत, ताटलीत. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आरोग्य खात्याचा कोरडा दिवस त्या ताटलीलाही लागू. आठवड्यातून एकदा ती कोरडी पुसायची. माती सतत ओलीचिंब राहिली तर रोपं बुडाशी काळी पडून एका रात्रीत कोलमडतात. वरचा थर सुकू द्यावा, मग पाणी घालावं.

दाराचं तोरण अजून उतरवलं नसेल तर त्यातला पुरता वाळलेला एखादा झेंडू काढून तळहातावर चुरा. काळ्या बारीक काड्या सुटतील, वरच्या टोकाला फिकट पिवळी शेपटी. काळा भाग भरीव लागला तर ते बी. माळेसाठी फुलं लवकर तोडलेली असतात, त्यामुळे सगळं रुजणार नाही, आणि फूल आईसारखंच येईल याची खात्री नाही. तरी पाच-सहा तास ऊन असलेल्या खिडकीत दहा टाकून पाहायला काय हरकत आहे? आणि धणे या रविवारी भिजवावेत. दिवाळीपर्यंत कोंब दोन पानांवर येतील, आणि चंपाषष्ठीच्या भरितावर घालायला कोथिंबीर झालेली असेल.