सुई पायाला, आराम मेंदूतून

मराठीत सुई, कन्नडात सूजी. नाव जवळजवळ एकच आणि दोन्ही घरांत तिची भीतीही सारखीच! तरीही कंबर धरली की अनेक जण आपणहून सुया टोचून घ्यायला जातात. टोचल्याने दुखणे कमी कसे होते?

अॅक्युपंक्चर भारतात येण्याच्या कथेत आपल्या सोलापूरचाही धागा आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्याच पथकातील डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही पद्धत शिकले आणि कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले.

आता शास्त्र पाहू. कोपर आपटले की आपण तिथे चोळतो. चोळण्याचा संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडवतो, असे मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले. सुईचा संदेश त्याच्याही वर, मध्यमेंदूपर्यंत जातो. तिथल्या वेदना आवरणाऱ्या चेतापेशी जाग्या झाल्या की खाली मज्जारज्जूकडे 'आता पुरे' असा निरोप येतो. या कामी शरीर स्वतःच एंडॉर्फिनसारखी, अफूच्या जातीची द्रव्ये सोडते. १९७७ मधील एका प्रयोगात अफूचा अंमल उतरवणारे नॅलोक्सोन दिल्यावर सुईने आलेला आरामही ओसरला. फिजिओथेरपीतील 'टेन्स' यंत्र त्वचेवरून सौम्य वीज देऊन याच वाटा वापरते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२००७) सहा महिन्यांनी खऱ्या अॅक्युपंक्चरने सुमारे ४८ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४ टक्के, तर नेहमीच्या उपचारांनी २७ टक्के लोकांना फरक पडला. म्हणजे नेमक्या बिंदूपेक्षा टोचणे, विश्रांती आणि बरे वाटेल ही आशा यांचा वाटा मोठा असावा.

आराम खरा असला, तरी वेदना शमली म्हणजे रोग गेला असे नाही. बालाघाटजवळच्या भरवेलीत मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा कामात पाठ-कंबर भरून येणारच. पण मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे जास्त प्रमाणात श्वासात गेली, तर हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा होऊ शकते. हातापायांचा ताठरपणा, थरथर, बदललेली चाल ही तिची लक्षणे. त्याला 'कामाचा शीण' समजून सुया घेत बसू नये. आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे. छातीत दुखणे, पायातली शक्ती जाणे, लघवी अडणे यांत तर तासाचाही उशीर नको.

निदानानंतर सुया घ्यायच्या असतील, तर प्रशिक्षित व्यक्तीकडेच जा. सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून निघते का, ते पाहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा सुया घेणारी स्त्री गर्भवती असेल, तर ते आधी सांगा.