दात काढण्याआधी, कर्ज काढण्याआधी

रविवारची वंदना संपली, सतरंज्या उचलून झाल्या, तरी एक ताई विहारात मागे थांबल्या होत्या. हातात चार घड्या घातलेला कागद. महिन्यापूर्वी वस्तीत एका खासगी दवाखान्याचे मोफत दंततपासणी शिबिर झाले होते. तिथे नाव लिहून घेतले, मग दवाखान्यात बोलावले, एक्स-रे काढला आणि हा कागद दिला. चार रूट कॅनॉल, चार कॅप, दोन दाढा काढणे आणि त्या जागी दोन इम्प्लांट. एकूण १ लाख ४ हजार रुपये. खाली पेनाने लिहिले होते, आज ठरवल्यास सूट, हप्त्यांची सोय आहे.

ताई दोन घरचा स्वयंपाक आणि एका घरची धुणीभांडी करतात. त्यांनी आम्हाला विचारले ते एवढेच, "दादा, गटातून चाळीस हजार उचलते, बाकीचे हप्त्यानं. अर्जावर जामीन कोण राहील?" हे सगळे काम खरोखर करायचे आहे का, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता. डॉक्टरांनी लिहून दिले म्हणजे करायचे.

आम्ही त्या दिवशी जामीन राहिलो नाही. आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू म्हणालो. ताईंना ते आवडले नाही. "असं केलं तर त्या डॉक्टरांना राग नाही का येणार?" हे वाक्य आम्ही वस्तीत अनेकदा ऐकले आहे, आणि आजचे हे पान त्या वाक्यासाठीच आहे.

डॉक्टरांविषयी आदर आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. तथागतांवर उपचार करणाऱ्या जीवकाचे नाव आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. पण आदर वेगळा आणि दबून जाणे वेगळे. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले, ते आपण दर वर्षावासात ऐकतो. एखादी गोष्ट केवळ गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. विहारात आपण यावर तास-तास बोलतो, इतिहासावर वाद घालतो, नगरसेवकाला धारेवर धरतो. दाताच्या खुर्चीत बसलो की मात्र तोंड उघडे आणि वाचा बंद. पिढ्यानपिढ्या ज्यांना प्रश्न विचारू दिला नाही, त्यांची ती सवय पांढऱ्या कोटासमोर अजून निघते, असे आम्हाला वाटते.

दुसरे मत घेणे हा काही आगाऊपणा नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णहक्कांची सनद तयार केली आहे. आपल्या आजाराची माहिती मिळणे, आपले कागद आणि रिपोर्ट मिळणे आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे, हे तिन्ही हक्क त्यात आहेत. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे एक लाखाचे काम करून घ्यावे का, याचे उत्तर त्या रागातच मिळून जाते.

आता ताईंचे पुढे काय झाले ते सांगतो. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे आणि महापालिकेचे नायरचे दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. आम्ही ताईंना घेऊन सकाळी लवकर गेलो, केस पेपर काढला, रांगेत बसलो. तपासणारी मुलगी शिकाऊ होती. ते पाहून ताईंचा चेहरा पडला. पण तिने पाहिलेले प्रत्येक बोट तिच्या मॅडमनी पुन्हा तपासले. खासगी दवाखान्यात दोन डॉक्टर एकाच दाताकडे बघतात असे सहसा होत नाही, तिथे ते आपोआप झाले.

तिथे आम्ही एक पथ्य पाळले. पहिला कागद आधी दाखवला नाही. काय दुखते, कधी दुखते, रात्री ठणका लागतो का, गरम-गार लागते का, एवढेच ताईंनी सांगितले. त्यांचे बघून झाल्यावर मग कागद आणि जुना एक्स-रे पुढे ठेवला. आधीच सांगितले की समोरच्याचे डोळेही त्याच दिशेने जातात.

चारपैकी एका दाढेला रूट कॅनॉल हवेच होते. रूट कॅनॉल म्हणजे दाढेच्या आतली नस किडली की ती काढून, मुळातल्या नळ्या साफ करून बंद करायच्या. मॅडमनी एक्स-रे उजेडात धरून मुळाच्या टोकाशी काळी छटा दाखवली. तिथे पू धरला होता. ताईंनी स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहिले. दोन दाढांची कीड नसेपर्यंत पोहोचली नव्हती, तिथे साफ करून सिमेंट भरले की भागणार होते. चौथीवर मशेरीचा काळा डाग होता, कीड नव्हती. काढायला सांगितलेल्या दोन दाढांपैकी एक मुळापासून हलत होती, तिचे हाड गेले होते, ती काढावीच लागेल असे इथेही सांगितले. दुसरी मात्र रूट कॅनॉल करून वाचेल म्हणाले. म्हणजे पहिला डॉक्टर सगळा खोटा नव्हता, हे आम्ही मुद्दाम लिहितो. दुसरे मत घेतले म्हणजे पहिला चोरच निघाला पाहिजे, असे नसते.

एक गोष्ट मात्र त्या पहिल्या कागदावर कुठेच नव्हती. मॅडमनी हिरड्या दाबून पाहिल्या, रक्त आले, आणि त्यांनी विचारले, "शुगर कधी तपासली?" कधीच नाही. तपासली तर वाढलेली निघाली. वाढलेल्या साखरेत हिरड्या लवकर खराब होतात, दात हलू लागतात. अशा तोंडात, वर मशेरी चालू असताना, हाडात स्क्रू बसवला तर तो टिकण्याची शक्यता कमी होते. इम्प्लांट म्हणजे तेच, जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू आणि त्यावर दात. साठ हजारांचे ते काम साखरेची चौकशी न करता ठरले होते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे खासगीवाले लुटारू. आमचे म्हणणे तसे नाही. खुर्ची, यंत्रे, जागेचे भाडे, बँकेचे कर्ज, हे ओझे त्यांच्यावरही असते. त्यांत आता आपल्या समाजातली शिकून पुढे गेलेली मुले-मुलीही आहेत, आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. त्यांनाही हेच प्रश्न विचारा. आपला माणूस आहे म्हणून विचारायला लाजू नका.

खरे तर आम्हाला जास्त चीड येते ती उलट्या प्रकाराची. एक चूक खिसा बघून होते, दुसरी कपडे बघून. आपली आजी, आपला रिक्षावाला भाऊ दाढ दुखते म्हणून जातो आणि समोरचा एका नजरेत ठरवतो की याला परवडणार नाही. मग म्हणतो, "काढून टाकू." दोन-चारशे रुपयांत काम होते, घरी सगळे खूश. पण ती दाढ वाचली असती का, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. काढलेली दाढ परत येत नाही. शेजारच्या दाढा हळूहळू त्या जागेकडे कलतात, भाकरी एकाच बाजूने चावली जाते. आपल्या वस्तीत पन्नाशीतच बोळकी झालेली तोंडे किती आहेत, आठवून बघा. त्यातले सगळेच दात कीड लागून गेले असे आम्ही मानत नाही. काही "परवडणार नाही" या समजुतीने गेले. म्हणून दुसरे मत महागड्या कामासाठी घ्यावे, तसेच दाढ काढण्याच्या स्वस्त सल्ल्यासाठीही घ्यावे. परवडते की नाही हे आपण ठरवू. वाचते की नाही एवढे त्यांनी सांगावे.

विचारायचे तरी काय, असे बायका विचारतात. कोणती दाढ आणि एक्स-रेत ती खराब कुठे दिसते, हे बोट ठेवून दाखवा म्हणावे. आता नाही केले तर काय होईल आणि किती दिवसांत होईल, हे विचारावे. यापेक्षा साधा इलाज आहे का? गेलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट हा एकच मार्ग नाही. शेजारच्या दोन दातांच्या आधाराने ब्रिज बसतो, मात्र त्यासाठी ते चांगले दात घासावे लागतात. काढता-घालता येणारी कवळी सर्वांत स्वस्त. आणि अगदी मागची दाढ गेली असेल तर ती जागा तशीच ठेवूनही पुष्कळांचे चालते. कॅपचेही तसेच, धातूची, चिनी मातीची, झिरकोनियाची, किमतीत मोठा फरक. मागच्या दाढेला साधी धातूची कॅप चावायला उत्तम असते, दिसायला चांदीसारखी दिसते एवढेच. आणि सांगितलेला आकडा कॅपसह आहे की कॅपशिवाय, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. एक्स-रेही मागून घ्यावा, मोबाइलवर फोटो दिला तरी चालेल. त्याचे पैसे आपण भरलेले असतात.

दोन डॉक्टरांचे मत वेगळे पडले तर? पडू शकते, आणि दोघेही प्रामाणिक असू शकतात. नुकती लागलेली कीड आत्ताच भरावी की सहा महिने लक्ष ठेवावे, यावर चांगल्या डॉक्टरांतही फरक असतो. अशा वेळी जो कमी पैसे सांगतो तो खरा, असे धरू नका. ज्याने कारण समजेल असे सांगितले, त्याच्याकडे झुका.

आता आपलाही दोष सांगितला पाहिजे. "दुसरीकडे बघू" हे वाक्य वस्तीत बऱ्याचदा "आता नको" या अर्थाने वापरले जाते. मग लवंग दाबून ठेवायची, मेडिकलवरून गोळी आणायची, ठणका थांबला की विसरायचे. नस मेली की दुखणे थांबते, रोग थांबत नाही. दुसरे मत घ्यायचे तर पंधरा दिवसांच्या आत घ्या, कोणत्या दिवशी जायचे ते घरात ठरवून टाका. असेच दुसरे, रूट कॅनॉलच्या पहिल्याच खेपेत दुखणे जाते आणि माणूस परत जातच नाही. किंवा रूट कॅनॉल पूर्ण करतो आणि कॅपचे पैसे वाचवतो. नस काढलेली मागची दाढ कॅपशिवाय भाकरीच्या तुकड्यानेही चिरू शकते. मग आधी घातलेले पैसेही पाण्यात.

आणि काही वेळा दुसऱ्या मताची वाट बघायचीच नसते. गालावरची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे सरकते आहे, ताप आहे, गिळायला त्रास होतो आहे, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. दोन आठवडे न भरणारी तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात तीन बोटे उभी न जाणे, यात तर एकही दिवस घालवू नका. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि आपल्या नाक्यावर तो आजही मिळतो. त्यावर वेगळे लिहावे लागेल.

सरकारी दंत महाविद्यालय फुकट पडते, असेही आम्ही म्हणणार नाही. तिथला खर्च पुष्कळ कमी, पण वेळ जातो. ताईंना सहा खेपा माराव्या लागल्या, म्हणजे सहा खाडे. एका घरच्या बाईंनी पगार कापला. दोन वेळा शेजारच्या वहिनींनी त्यांच्या जागी जाऊन स्वयंपाक केला, म्हणून ते काम तरी टिकले. ज्यांना इतके खाडे शक्य नाहीत, त्यांनी निदान मत तिथले घ्यावे आणि काम जवळच्या खासगी डॉक्टरकडे करावे. आता काय हवे आणि काय नको, हे माहीत असते, भावही करता येतो. खासगी दंत महाविद्यालयांतही शिकाऊ विद्यार्थ्यांकडून कमी दरात काम होते. कामगार विम्याचे कार्ड असेल तर ईएसआय रुग्णालयात विचारावे. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलच्या दंत विभागात दाखवावे.

ताईंनी शेवटी गटातून सात हजार उचलले, चाळीस नाही. एक रूट कॅनॉल होऊन धातूची कॅप बसली आहे, दुसरे चालू आहे. साखरेची गोळी सुरू झाली. मशेरी अजून पूर्ण सुटलेली नाही, सकाळी एकदा लावतात, असे त्यांनी स्वतःच सांगितले. मागच्या रविवारी त्या विहारात आल्या त्या शेजारच्या वहिनींना घेऊन. वहिनींच्या हातात त्यांच्या मुलाचा कागद होता, दात पुढे आहेत म्हणून तारा लावण्याचा, ४५ हजारांचा. "दादा, हा पण दुसरीकडे दाखवायचा ना?" ताईंनीच विचारले.