यादीतील वरची जागा

मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवीत याद्या चाळणे ही आता नित्याची बाब झाली आहे. रेल्वेगाड्या, भाड्याची घरे, नोकरीच्या जाहिराती, दुकानातील माल, सारे काही एकाखाली एक सरकत येते. यादी ही वरकरणी निरुपद्रवी वस्तू. परंतु तीत कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. तो बाजारपेठेचा प्रश्न आहे.

यादी दाखविण्यामागील युक्ती कौतुकास्पद आहे. नोंदी दहा हजार असल्या तरी ॲप पडद्यावर मावतील तेवढ्या व थोड्या राखीव ओळीच तयार करते. वर दिसेनाशी झालेली ओळ नवा मजकूर घेऊन खालून पुन्हा येते. या काटकसरीमुळे स्वस्तातला फोनही प्रचंड यादी सुरळीत दाखवितो. मात्र पुढच्या नोंदी आपोआप मागविता येऊ लागल्या आणि यादीचा तळच नाहीसा झाला. अशी अखंड सरकणारी रचना २००६ साली करणारे ॲझा रास्किन यांनीच पुढे तिच्या परिणामांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

माहिती मुबलक झाली की लक्ष दुर्मिळ होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली दाखवून दिले होते. जे दुर्मिळ, त्याला किंमत येते. यादीतील वरच्या जागेला किंमत येते ती यामुळेच.

अमेरिकेत हा अनुभव पूर्वीच येऊन गेला आहे. तेथील तिकीट एजंट ज्या संगणकांवर उड्डाणांच्या याद्या पाहत, ते मोठ्या विमान कंपन्यांच्याच मालकीचे होते. साहजिकच मालकाची उड्डाणे वर येत आणि घाईतला एजंट पहिल्या पडद्यापलीकडे सहसा जात नसे. अखेर १९८४ साली तेथील नागरी विमान वाहतूक मंडळाने हा पक्षपात नियमाने बंद केला. पुढे कंपन्यांनी या यंत्रणांची मालकी सोडली व २००४ साली ते नियमही उठले.

ग्राहकाने खाली सरकत जावे, त्याला कोणी अडविले आहे, असे कोणी म्हणेल. पण शोधालाही मोल पडते. ते वेळेच्या रूपाने द्यावे लागते. शिवाय दोनशेव्या ओळीवरचा लहान विक्रेता बाजारात असून नसल्यासारखाच.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. मालाचा क्रम कोणत्या निकषांवर लागतो हे सोप्या भाषेत सांगण्याचे बंधन २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी बाजारपेठ चालविणाऱ्या कंपन्यांवर घातले आहे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांचे तेरा प्रकार असून छुपी जाहिरात त्यांपैकी एक आहे. परंतु निकष अटींच्या रानात दडविले, तर नियम पाळूनही ग्राहक अंधारातच राहतो. क्रमाचे कारण, एकूण नोंदींची संख्या आणि जाहिरातीची स्पष्ट खूण यादीच्या माथ्यावरच, ग्राहकाच्या भाषेत असली पाहिजे. एवढी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरणे अगत्याचे आहे.